पडलेली गाडी

घोड्यावरून पडणे आणि मोटारसायकलीवरून पडणे यांत एक मोठा फरक आहे. स्वार पडला तरी घोडा बहुधा उभाच असतो. फार तर चार पावले पुढे जाऊन तो मागे वळून पाहतो, आणि त्या पाहण्यात थोडी कीव असल्याचा भास पडलेल्या स्वाराला होतो. मोटारसायकलीचे तसे नाही. ती स्वाराबरोबर पडते; इतकेच नव्हे, तर स्वार नसतानाही पडते. कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी उभी करून ठेवलेली गाडी, पायाखालची माती खचली की मुकाट्याने आडवी होते. चारचाकी वाहनाला जी स्थिरता जन्मतःच लाभलेली असते ती दुचाकीला क्षणाक्षणाला मिळवावी लागते. उभे राहणे हा तिचा स्वभाव नव्हे, तो तिचा पराक्रम आहे.

तिच्या जनकांना हे पुरते ठाऊक असावे. गॉटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघा जर्मनांनी १८८५ साली पेट्रोलच्या इंजिनावर धावणारी जी लाकडी दुचाकी बनविली, तिच्या दोन्ही अंगांना एकेक लहानसे चाक लावलेले होते. आज आपण पाच वर्षांच्या मुलाच्या सायकलीला लावतो, अगदी तसे. म्हणजे पहिल्या मोटारसायकलीला पडण्याची मुभाच नव्हती. पुढे ती बाजूची चाके गळून गेली, वेग आला, आणि वेगाबरोबर पडणेही आले. मनुष्यजातीचा इतिहास तरी याहून निराळा कोठे आहे? आधाराची बोटे सुटतात तेव्हाच चालणे सुरू होते, आणि पडणेही.

परंतु पडण्याविषयी मला फारसे लिहावयाचे नाही. पडणे ही क्षणाची गोष्ट. माझे कुतूहल आहे ते पडल्यानंतर काय होते याविषयी. गाडी पडली की भोवती जमलेली माणसे सर्वप्रथम काय पाहतात? आरसा फुटला का, क्लचची दांडी वाकली का, दिव्याची काच तडकली का. हे सर्व शाबूत आहे असे दिसले की सगळे समाधानाचा सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, ‘काही झालेले नाही. मारा किक.’ आणि मग चमत्कार असा होतो की, जिला काहीच झालेले नाही ती गाडी काही केल्या सुरू होत नाही. दहा मिनिटांपूर्वी हूं म्हणताच गुरगुरणारे तिचे इंजिन दगडासारखे थंड पडलेले असते. मोडलेले काही नाही, सांडलेलेही फारसे काही नाही, तरी प्राण गेल्यासारखे झालेले असते.

हे कोडे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालतील. मी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक आहे. यंत्रविद्येत माझा अधिकार तो केवढा! पण आपल्याला नुकत्याच समजलेल्या गोष्टी दुसऱ्याला समजावून सांगण्याची खोड अध्यापकाला आयुष्यभर जडलेली असते, तिला इलाज नाही.

आपल्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि तिच्यात एक तरंगता गोळा असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळाचे तोंड बंद करतो. पाणी उतरले की तो खाली जातो आणि नळ उघडतो. जुन्या मोटारसायकलीच्या कार्बोरेटरमध्ये नेमकी हीच योजना आहे. तेथे एक वाटीएवढा कप्पा असतो, त्यात फ्लोट तरंगत असतो, आणि त्याच्या चढउतारावर एक बारीकशी सुई पेट्रोलची वाट उघडते वा बंद करते. आता कल्पना करा की, कोणी आपले सबंध घरच टाकीसह आडवे केले. गोळ्याला वर कोठे आणि खाली कोठे हेच कळेनासे होईल, आणि नळ वाहत राहील. गाडी आडवी झाली की हेच होते. पेट्रोल त्या वाटीतून उतू जाते. काही बाहेर मातीत ओघळते, आणि काही आतल्या वाटेने इंजिनात शिरते. आमच्याकडचे मिस्त्री याला ‘इंजिनात पेट्रोल चढले’ असे म्हणतात.

येथे कोणी विचारील की, इंजिनाचे खाद्यच पेट्रोल. ते चढले म्हणून बिघडले काय? पण इंजिन पेट्रोल पिऊन जगते हा आपला समज अपुरा आहे. ते मुख्यतः हवेवर जगते. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे पंधरा भाग हवा लागते. घनफळाने पाहिले तर हा हिशेब अधिकच नवलाचा वाटतो: एक लिटर पेट्रोल जाळावयास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. म्हणजे इंजिनाच्या ताटात पेट्रोलचे स्थान भाताचे नव्हे, मिठाचे आहे. पेट्रोलचा तुषार करून तो हवेत योग्य मापाने मिसळणे यातच कार्बोरेटरची सारी करामत आहे. ते माप फार बिघडले, पेट्रोल अतोनात झाले, की ठिणगी उडूनही भडका होत नाही. त्यातून ठिणगी तरी धड कोठे उडते? प्लगच्या दोन टोकांत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. काजळी धरलेली ती टोके पेट्रोलाने निथळू लागली की विजेला उडी मारण्याचे कारणच उरत नाही. ती ओलसर काजळीतूनच पळवाट काढते. सारांश, ज्या वस्तूवाचून इंजिन चालत नाही, तिच्याच पुरात ते बुडालेले असते. समोर वाढलेले ताट आहे, पण घास गिळवत नाही, अशी त्याची अवस्था होते.

आणि अशा वेळी माणसे काय करतात? ती त्याला आणखी वाढतात.

हा मनुष्यस्वभाव मी प्रथम पाहिला तो १९९३ सालच्या जुलैत, कासच्या वाटेवर. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व भावंडे दादा म्हणतो, तेव्हा साताऱ्यास पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते आणि त्यांच्याजवळ मद्रासेस बनलेली साडेतीनशेची बुलेट होती. मी कॉलेजात नुकताच लागलो होतो. सुट्टीचा दिवस पाहून ते मला पठार दाखवावयास घेऊन निघाले. पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले ते २०१२ साली. त्यापूर्वी तेथे आजच्यासारखी मोटारींची रांग लागत नसे. येवतेश्वर मागे टाकल्यावर धुके दाट झाले आणि पावसाने गाठले, तेव्हा आम्ही एका टपरीशी थांबलो. दादांनी गाडी बाजूच्या स्टँडवर उभी केली. आम्ही आत जाऊन बसतो न बसतो तोच पावसाने एक मोठी सर टाकली, स्टँडखालची तांबडी माती खचली, आणि एकशे साठ-सत्तर किलोंचे ते धूड सावकाशीने उताराच्या बाजूस कलंडले. आमची पाठ तिकडे असल्यामुळे आम्हांला ते उशिरा कळले.

टपरीत सात-आठ तरुण होते. ते उत्साहाने धावले. गाडी उभी झाली, आरसा पाहिला, दिवा पाहिला, आणि ‘काही झाले नाही’ असा निकालही झाला. मग एकाने किक मारली. दुसऱ्याने त्याला बाजूस सारून मारली. तिसरा म्हणाला, ‘थंड पडली आहे, चोक द्या.’ चोक देणे म्हणजे हवेची वाट आवळून पेट्रोल अधिक ओढणे. म्हणजे बुडणाऱ्यास पाणी पाजणेच. चौथा अ‍ॅक्सिलरेटर भराभर पिळू लागला. पाचव्याने ढकलून पाहण्याची सूचना केली. टपरीवाला तर प्लग काढून द्या, स्टोव्हवर शेकून देतो म्हणू लागला. प्रत्येकाचा हेतू निर्मळ होता. प्रत्येकाच्या उपायाने गाडी अधिकाधिक बुडत होती.

दादा छत्री घेऊन शांतपणे उभे होते. मी अस्वस्थ होऊन त्यांच्याकडे पाहिले. ते पुढे झाले आणि म्हणाले, ‘पोरांनो, फार मेहनत केलीत. आता सगळ्यांनी माझ्याकडून चहा घ्या.’ टपरीवाल्याला त्यांनी दहा चहा सांगितले. त्या चहाचे रहस्य मला मागाहून कळले. ती कृतज्ञता तर होतीच, पण त्याहून अधिक म्हणजे त्या सर्व हातांना पेले देऊन गाडीपासून दूर ठेवण्याची ती युक्ती होती. कोणा विडीवाल्यास त्यांनी विडी टपरीच्या पलीकडे जाऊन ओढण्याची विनंती केली आणि स्टोव्ह आहे तेथेच राहू द्यावयास सांगितले. पेट्रोलची वाफ आणि विस्तव यांची भेट त्यांना नको होती.

मग ते कामास लागले. गाडी ओढून त्यांनी फरसबंद जागेवर मधल्या स्टँडवर चढविली. पेट्रोलचा कॉक बंद केला. किल्ली बंद केली. चोक काढून टाकला. म्हणजे, देणे पहिल्याने थांबविले. नंतर पानसाने प्लग काढून रुमालात पुसला, त्याची टोके कोरडी केली आणि तो खिशात ठेवला. प्लगचे भोक उघडेच ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पुरता पिळून धरून, त्यांनी दहा-बारा वेळा हलक्या पायाने किक दिली. प्रत्येक वेळी त्या भोकातून पेट्रोलच्या वासाचा ओला फुत्कार बाहेर पडे. मी विचारले, ‘प्लग न काढता जोराने किक मारली असती तर?’ ते म्हणाले, ‘पेट्रोल फार साठले असले तर ते वाफेसारखे दाबले जात नाही. जोर केलास तर आतला दांडा वाकायचा.’ एवढे बोलून ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपला चहा मागविला.

‘आता?’ मी विचारले.

‘आता काही नाही. वारा लागू दे.’

दहा मिनिटे गेली. मला ती फार मोठी वाटली. तरुण मंडळी हळूहळू कंटाळून आपापल्या वाटेने गेली. जाताना एकजण ‘काका, मिस्त्री बोलवा’ असे सांगून गेला. दादांनी मान हलविली. मग उठून त्यांनी प्लग बसविला, किल्ली लावली, अ‍ॅक्सिलरेटर सोडून दिला. कॉक मात्र बंदच राहू दिला, कारण वाटीत राहिलेले पेट्रोल सुरुवातीस पुरेसे होते. बुलेटच्या दिव्याच्या कवचात अ‍ॅमीटर असतो. त्याच्या काट्याकडे पाहत त्यांनी किक सावकाश दाबीत नेली, काटा मध्यावर येताच डीकॉम्प्रेशनची दांडी धरून पिस्टन किंचित पुढे काढला, दांडी सोडली, आणि मग एकच पूर्ण किक मारली. इंजिन एकदा खोकले. दुसऱ्या किकेला ते लागले. प्रथम अडखळत, मध्येच ठोके चुकवीत, मागच्या नळीतून काळा धूर ओकीत. मी आनंदाने काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबविले. धूर निवळला, ठोके एका लयीत पडू लागले, तेव्हा कोठे त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला.

त्या दिवशी मी पठारावरची फुले पाहिली असतील. आज त्यांतले एकही मला आठवत नाही. ती दहा मिनिटे मात्र आठवतात.

पुढे अध्यापनाच्या धंद्यात मला अशी पेट्रोल चढलेली इंजिने पुष्कळ भेटली. पहिल्या परीक्षेत पडलेला मुलगा घरी जातो. पडल्याने त्याचे फारसे काही मोडलेले नसते. पण मग बाप शिकवणी लावतो, मामा दुसरी लावतो, शेजारचा इंजिनियर आपल्या जुन्या वह्या आणून देतो, आई पहाटे चारला उठविते, आणि आम्ही अध्यापक मोठ्या प्रेमाने अधिक तासांची व्यवस्था करतो. सहा महिन्यांनी तोंडी परीक्षेस तो माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्याच्या डोक्यात इतके भरलेले असते की, त्याला स्वतःचे नाव विचारले तरी तो गोंधळून पाहतो. त्याच्यापाशी ज्ञानाची वाण नसते, वाण असते ती हवेची. मी अशा मुलाला प्रश्न न विचारता म्हणतो, ‘खिडकीपाशी जा, बाहेर काय दिसते ते पाहून ये.’ माझ्या शेजारच्या परीक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

तथापि ही सारी हलकी उदाहरणे झाली. ज्या उदाहरणासाठी मी लेखणी उचलली ते सांगणे मला तितकेसे सोपे नाही.

२०२३ सालच्या वैशाखात आमच्या वहिनी गेल्या. चाळीस वर्षांचा संसार आठ दिवसांच्या तापात संपला. दादा तेव्हा पासष्ट वर्षांचे होते, निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा पुण्यास असतो, आमची ताई कराडला, मी दूरच्या गावी. आम्ही सर्व धावलो. आमच्यामागून सारे गाव धावले. दादांचा लोकसंग्रह मोठा. पाटबंधाऱ्यांवर त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसे खेड्यापाड्यांतून आली. शेजाऱ्यांनी पिठलेभाताचे डबे पाठविले. ते इतके आले की, कोणता डबा कोणाचा हे लक्षात ठेवणे आणि ते घासून परत करणे हेच दादांच्या दुपारचे काम होऊन बसले. तेराव्यानंतरही ओघ आटला नाही. कोणी गीतेचे प्रवचन सुचविले, कोणी हास्यमंडळाचा पत्ता दिला, कोणी काशीयात्रेचे तिकीट काढण्याची तयारी दाखविली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, पुण्याला चला.’ ताई म्हणाली, ‘माझ्याकडे राहा.’ मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ जीवन कसे जगावे याविषयीची वचने येत होती, आणि त्यांतली निम्मी ज्यांना स्वतःला कसे जगावे हे कधी उमगले नव्हते त्यांच्याकडून येत होती. प्रत्येकाचा हेतू निर्मळ होता.

दादा सर्वांशी नीट बोलत. ‘होय’, ‘खरे आहे’, ‘पाहू’ असे म्हणत. आषाढ लागला आणि ते ‘पाहू’देखील बंद झाले. ते चालत, जेवत, वर्तमानपत्र उघडून धरीत, पण बोलेनात. ताई घाबरली. अधिक माणसे येऊ लागली. ज्याला त्याला वाटे, आपण येऊन चार शब्द बोलल्यास दादा बोलते होतील.

आणि एके दिवशी त्या मुक्या माणसाने एकाएकी सर्वांना कळविले की, एक महिनाभर माझ्याकडे कोणीही येऊ नये, फोनही करू नये. मोबाइल त्यांनी कपाटात ठेवून दिला. डबेवाल्या शेजाऱ्यांना हात जोडून नको म्हणून सांगितले. घरात मोठा गहजब झाला. मुलाला तो आपला अपमान वाटला. ताई रडून म्हणाली, ‘तो आम्हांला तोडतोय.’ मला मात्र दादांचे दोन ओळींचे कार्ड आले: ‘तू ये. पण बोलू नकोस.’ प्राध्यापकाला घातलेली याहून कठीण अट माझ्या माहितीत नाही.

मी गेलो आणि ती अट पाळली. दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसत. घराची पुढची-मागची दारे सताड उघडी असत आणि अजिंक्यताऱ्याकडून येणारा पावसाळी वारा घरभर फिरत असे. मी एक पुस्तक घेऊन जवळ बसे. दोन दिवस आम्ही ‘चहा?’ आणि ‘हो’ यांपलीकडे गेलो नाही. दहा मिनिटे मोठी वाटणारा मी, त्या दोन दिवसांत मला काय वाटले ते सांगत नाही. कित्येकदा वहिनींचे नाव माझ्या ओठांवर आले आणि मी ते मागे घेतले. सांत्वन करण्याची इच्छा ही किती अंशी दुसऱ्याच्या दुःखासाठी असते आणि किती अंशी आपल्याला ती शांतता सोसत नाही म्हणून असते, याचा हिशेब मला तेथे प्रथमच करावा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा उठून पडवीत गेले आणि त्यांनी बुलेटवरचे आच्छादन काढले. वैशाखापासून ती एका जागी उभी होती. त्यांनी कार्बोरेटर सोडविला, तळाशी साचलेले शिळे पेट्रोल बाटलीत ओतून घेतले, आणि मला न विचारता पाने माझ्या हातात दिले. मी त्यांना हवे ते एकेक देत राहिलो. अर्धा तास असा गेल्यावर, जेट फुंकून साफ करता करता ते म्हणाले, ‘घाटात ती पाठीवर थाप मारायची. एक मारली की हळू. दोन मारल्या की थांब. फूल दिसले असायचे.’ ते हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि खोकता खोकता जे सुरू झाले ते पुष्कळ वेळ चालले. मी काही बोललो नाही. पुसायचे फडके तेवढे पुढे केले. त्याला पेट्रोलचा वास होता, तरी त्यांनी ते घेतले.

त्यानंतर ते बोलू लागले. लयीत नव्हे; अडखळत, मध्येच थांबत, कधी कडवटपणे, आणि ज्यांनी प्रेमाने डबे पाठविले त्यांच्याविषयीही रागाने. तो धूर निवळण्यास आणखी काही आठवडे लागले. आश्विनात त्यांनी ताईला आपण होऊन फोन केला. तिने तो सगळा राग क्षणात विसरून दिला. बहिणींना ती कला येते.

माणूस म्हणजे इंजिन नव्हे, हे मला कोणी सांगावयास नको. उपमा ही घाटातल्या वळणापर्यंत सोबत करणारी वाटसरू असते. पुढे आपल्याला एकट्यानेच जावे लागते. इंजिनात चढलेले पेट्रोल वाऱ्याने उडून जाते आणि मागे काही राहत नाही. शोकाचे तसे होत नाही. पण मला असे वाटते की, तो उडून जावा अशी दादांची इच्छाही नव्हती. ज्या वस्तूने त्यांना बुडविले होते तीच वस्तू त्यांना पुढची वर्षे चालविणार होती. प्रश्न फक्त मापाचा आणि हवेचा होता. आज ते वहिनींच्या गोष्टी सांगतात आणि त्या गोष्टींवर त्यांचा दिवस चालतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. थांबणे आणि टाकून जाणे या दोन भिन्न क्रिया आहेत, जरी दुरून त्या सारख्या दिसल्या तरी. दादा टपरीत चहा पीत बसले होते तेव्हा ते काहीच करीत नव्हते असे त्या तरुणांना वाटले. पण कॉक त्यांनी बंद केला होता, हवेची वाट उघडली होती, प्लग खिशात उबेला ठेवला होता, आणि नजर गाडीवर होती. असे थांबणे हे काम आहे. तसेच, एवढे करूनही जी गाडी लागत नाही तिला मिस्त्रीकडेच नेले पाहिजे. काही माणसांनाही वैद्याची गरज असते, आणि तेथे ओसरीवरच्या वाऱ्यावर विसंबून राहणे हा निष्काळजीपणा होईल. कोणती गाडी कोणत्या प्रकारची हे ओळखण्यास जवळ बसावे लागते. जो किका मारीत सुटतो त्यालाही ते कळत नाही, आणि जो निघून जातो त्यालाही नाही.

पुतण्याच्या नव्या मोटारसायकलीला कार्बोरेटर नाही. २०२० सालच्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारणारी विजेची यंत्रणा आली. गाडी कलंडली की तिच्यातला एक लहानसा पहारेकरी ते ओळखतो आणि पेट्रोलाचा पुरवठा आपण होऊन तोडतो. उभी करा, किल्ली बंद करून पुन्हा लावा, बटण दाबा, की ती निघाली. मला या योजनेचे कौतुक वाटते. पडल्याबरोबर देणे थांबवावे, ही जी गोष्ट दादांना वीस वर्षांच्या सहवासाने कळली, ती कारखान्यातूनच शिकून येणारी गाडी पाहून अध्यापकाला मत्सर वाटल्यास नवल नाही. माणसांच्या कारखान्यात मात्र अद्याप तशी व्यवस्था झालेली नाही. तेथे पडलेल्याच्या भोवती जमणाऱ्या माणसांवरच सर्व भिस्त असते.

म्हणून अलीकडे मी कोणाच्या घरी समाचारास जातो तेव्हा बरोबर काही नेत नाही. वचन नाही, पुस्तक नाही, डबाही नाही. नमस्कार करून एका बाजूस बसतो. कोणी बोलले तर ऐकतो, न बोलले तर बसून राहतो, आणि माझ्यामागून येणाऱ्यांना जागा हवी असली तर उठून ओसरीवर जाऊन बसतो. आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेल्या मनुष्याला हे जमू लागण्यास पन्नाशी उलटावी लागली. माझ्या या मौनाला कोणी शिष्टपणा म्हणतात, कोणी वयाचा परिणाम म्हणतात. परवा एका घरून निघताना यजमानाने माझा हात जरा अधिक वेळ धरून ठेवला आणि विचारले, ‘पुन्हा याल ना?’ मी त्यांना पुढचा रविवार सांगून आलो आहे.